टाके निघाले, पण वण अजून घडतोय

वाचकांचे प्रश्न, त्वचारोग आणि शस्त्रक्रिया या विषयांतल्या तज्ज्ञांची उत्तरं. या वेळची सगळी पत्रं इंदूरची आहेत. जखम भरली, मग वण असा का दिसतो, ही काळजी बहुतेक पत्रांत आहे. म्हणून पहिलं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे. बाकीच्यांनीही आधी ते वाचावं.

प्रश्न: साडेतीन महिन्यांपूर्वी माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. टाके काढले तेव्हा गळ्यावर नुसती बारीक रेघ होती. सगळे म्हणाले, छान भरली जखम. आता तीच रेघ लाल, उंच आणि कडक झाली आहे, रात्री खाजते. मंगळसूत्र नेमकं तिथंच घासतं. टाके घालताना काही चुकलं असेल का? (गृहिणी, तिलक नगर)

उत्तर: टाके चुकलेले नाहीत. तुम्ही सांगता तो वणाचा नेहमीचा क्रम आहे. ऑपरेशनच्या वेळी तो कोणी समजावून सांगत नाही, म्हणून माणूस घाबरतो.

जखम झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठतं. पुढचे तीन-चार दिवस सूज असते. त्या काळात पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात, नव्या केशवाहिन्या फुटतात आणि कोलॅजेन या प्रथिनाचे धागे भराभर टाकले जातात. हे काम साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत जोरात असतं. त्यानंतर शेवटचा टप्पा, वण मुरण्याचा. तो वर्षभर चालतो, कधी दोन वर्षंही. गळ्याचे टाके पाच-सात दिवसांत काढतात, म्हणजे तुम्ही पाहिलेली रेघ ही वणाची फक्त सुरुवात होती.

या शेवटच्या टप्प्यात जुनं कोलॅजेन तोडणं आणि नवं घालणं ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात. घाईत टाकलेल्या धाग्यांत तिसऱ्या प्रकारचं, बारीक आणि कमजोर कोलॅजेन बरंच असतं. विशिष्ट विकरं (एन्झाइम) ते हळूहळू तोडतात आणि त्या जागी पहिल्या प्रकारचं जाड, मजबूत कोलॅजेन बसतं. धाग्यांमध्ये आडवे रासायनिक सांधे पडत जातात. पहिले तीन-चार महिने घालण्याचं काम तोडण्यापेक्षा वेगात असतं, म्हणून वण उंच आणि कडक लागतो. नव्या केशवाहिन्या अजून मिटलेल्या नसतात, म्हणून तो लाल दिसतो. सावळ्या कातडीवर हा लालपणा जांभळट किंवा तपकिरीही दिसतो. खाज येते ती नव्याने फुटणाऱ्या मज्जातंतूंमुळे आणि तिथल्या मास्ट पेशी हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सोडतात त्यामुळे. सहा महिन्यांच्या आसपास पारडं उलटू लागतं. केशवाहिन्या मिटतात, जास्तीचं कोलॅजेन निघून जातं, वण फिका, चपटा आणि मऊ होतो.

ताकदीचा हिशेबही लक्षात ठेवावा. पहिल्या आठवड्याच्या शेवटी वणाची ताकद मूळ कातडीच्या दहा टक्क्यांपेक्षाही कमी असते, तिसऱ्या आठवड्यात जेमतेम पाचवा हिस्सा. तीन महिन्यांनंतर ती ७० ते ८० टक्क्यांच्या घरात जाते आणि तिथंच थांबते. पूर्ण ताकद कधीच येत नाही, कारण मूळ कातडीत कोलॅजेनचे धागे टोपलीच्या विणीसारखे सगळ्या दिशांनी गुंफलेले असतात, तर वणात ते ओढ असेल त्या दिशेने जवळजवळ समांतर पडतात. वणात केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथीही परत तयार होत नाहीत.

तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. थायरॉइडचा छेद गळ्याच्या आडव्या घडीत घेतात. कातडीवर ताणाच्या ठरलेल्या रेषा असतात. व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये त्यांचे नकाशे मांडले. या रेषांना धरून घेतलेल्या छेदावर ओढ कमी पडते. ओढ जितकी जास्त, तितकं फायब्रोब्लास्ट अधिक कोलॅजेन टाकतात. छातीच्या मधल्या हाडावरचे आणि खांद्यावरचे वण म्हणूनच त्रास देतात. गळ्याच्या घडीतले बहुधा चांगले मुरतात.

आता करायचं काय? सिलिकोनची पट्टी किंवा जेल हा घरी करता येण्यासारखा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पट्टी दिवसाला किमान १२ तास, जमल्यास त्याहून जास्त, सलग दोन-तीन महिने लावावी. रोज ती साबणाने धुऊन, वाळवून पुन्हा तीच लावायची. इंदुरात मे महिन्यात पट्टीखाली घाम साचून घामोळं येतं. तेव्हा पट्टी सोडून जेल घ्यावं, दिवसातून दोनदा पातळ थर, वाळेपर्यंत कपडा लागू द्यायचा नाही. सिलिकोन कोलॅजेन विरघळवत नाही. ते वणातून उडणारा ओलावा अडवतं, आणि वरचा थर ओला राहिला की खालच्या पेशींना कोलॅजेन टाकण्याचे इशारे कमी जातात.

जोडीला मालिश. बोटाच्या पेराने वण फिका पडेल इतकाच दाब द्यायचा, गोल आणि आडवं फिरवायचं, मग चिमटीत धरून हलकेच उचलायचं. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. नाडी लागते तिथं, गळ्याच्या दोन्ही बाजूंना, दाब देऊ नये. गिळताना वण आत ओढला जात असेल तर मालिशने तोही सुटत जातो. बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त सनस्क्रीन लावावं, नाहीतर पदराने गळा झाका. कोवळा वण उन्हाने काळवंडला की तो काळेपणा महिनोन्महिने जात नाही. मंगळसूत्र सहा महिने लांब सरीत घाला किंवा वर मऊ कपडा असू द्या. रोजचं घासणं वणाला चिडवत राहतं.

वण मूळ रेघेच्या बाहेर पसरू लागला, दुखणं वाढत गेलं किंवा सहा महिन्यांनंतरही तो उंचच होत राहिला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तोपर्यंत दुसऱ्या ऑपरेशनने वण काढून टाकायचा विचारही करू नका. वर्ष होण्याआधी वणाच्या अंतिम रूपाचा अंदाज कोणालाच देता येत नाही.

प्रश्न: स्कूटर घसरून कोपर आणि गुडघा सोलवटला. आई म्हणते उघडं ठेव, हवा लागली की खपली धरेल, वर हळद लाव. मित्र म्हणतो झाकून ठेव. कोणाचं ऐकू? (विद्यार्थी, रामबाग)

उत्तर: झाकून आणि ओलसर ठेवा. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की पातळ प्लास्टिक पडद्याखाली ओलसर राहिलेली जखम उघड्या, वाळलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने नव्या कातडीने झाकली जाते. कारण सरळ आहे. नव्या पेशी कडांवरून आणि केसांच्या मुळांच्या उरलेल्या भागातून सरकत येतात. त्यांना सरकायला ओलावा लागतो. वर कडक खपली असली की त्यांना तिच्या खालून, खोलवरून वाट काढावी लागते.

सोलवटलेल्या जखमेत खरी चूक होते ती पहिल्याच दिवशी, खडी आणि डांबराचे कण आत राहू देण्यात. कातडी वरून बंद झाली की ते कण गोंदणासारखे निळे-काळे कायम राहतात. मग त्यांना लेझरशिवाय उपाय नसतो. म्हणून जखम नळाच्या वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पाच ते दहा मिनिटं धरायची आणि ओल्या गॉजने हलकेच पुसत कण काढायचे. निघत नसतील तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. तिथं जागा बधिर करून घासून काढतात. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत ओतू नका. ती रसायनं जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात.

मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, वर न चिकटणारा गॉज, रोज एकदा बदलायचा. गॉज चिकटलाच तर ओढू नका, पाण्याने भिजवून सोडवा. पावडर टाकू नका. ती पाझराशी मिसळून कडक कवच धरते. हळदीबद्दल आईंना एवढं सांगा की डब्यातली हळद जंतुविरहित नसते, कण जखमेत रुतून बसतात आणि सगळं पिवळं झाल्यावर आजूबाजूची लाली वाढते आहे का, तेच दिसत नाही. दुधात घालून प्यायला काही हरकत नाही.

इतकी काळजी घेतली तर वरवरची जखम एक-दोन आठवड्यांत भरते आणि बहुधा वण राहत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन मळक्या जखमेत पाच वर्षांपूर्वीचं असेल तर पुन्हा घ्यावं लागतं, स्वच्छ जखमेत दहा.

प्रश्न: माझा भाऊ हिवाळ्यात गराडूची गाडी लावतो. कढईतलं तेल उडून उजव्या हाताच्या मागच्या बाजूला आणि बोटांवर भाजलं. तेव्हा घरच्यांनी टूथपेस्ट लावली. जखम भरायला पाच आठवडे लागले. आता दोन महिने होत आले, कातडी जाड, चकचकीत झाली आहे आणि मूठ पूर्ण वळत नाही. हे आपोआप सुटेल का? (बहीण, जुनी इंदूर)

उत्तर: आपोआप सुटणार नाही, आणि प्रत्येक आठवड्याने ते घट्ट होत जाईल. या पत्रातली बाब सगळ्यांत तातडीची आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

भाजलेली जखम दोन आठवड्यांत भरली तर जाड वण क्वचितच येतो. तीन आठवड्यांच्या पुढे गेली की धोका खूप वाढतो, कारण तेवढा वेळ सूज आणि कोलॅजेन टाकणं चालूच राहतं. पाच आठवडे लागले म्हणजे भाजणं खोल होतं. तळणीचं तेल १७०-१८० अंशांच्या घरात असतं आणि ते कातडीला चिकटून राहतं, त्यामुळे उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजतं.

मूठ न वळण्याचं कारण असं. भरणाऱ्या जखमेत मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. त्यांच्यात स्नायूंसारखे आकुंचन पावणारे तंतू असतात, आणि त्या जखमेच्या कडा आत ओढून ती लहान करतात. पोटावर किंवा मांडीवर हे उपकारक ठरतं. सांध्यावर हीच ओढ सांधा वाकवून किंवा ताणून ठेवते. साधारणपणे जखम झाकली गेली की या पेशी मरून जातात, पण खोल भाजलेल्या वणात त्या महिनोन्महिने टिकतात. हाताच्या मागच्या बाजूची कातडी आखडली की बोटांची मुळं मागे ओढली जातात आणि मूठ मिटत नाही.

तीन गोष्टी एकत्र कराव्या लागतात, एकटी कोणतीच पुरत नाही. पहिली व्यायाम: जागेपणी दर दोन तासांनी, आधी वणाला तेल किंवा मलम चोळून मऊ करायचं, मग दुसऱ्या हाताच्या मदतीने बोटं मुळाशी वाकवत मूठ मिटायची, वण पांढुरका पडेपर्यंत ताण देऊन थोडा वेळ धरायचं, असं दहा वेळा. ताण जाणवला पाहिजे, कातडी फाटता कामा नये. दुसरी रात्रीची स्प्लिंट, म्हणजे हात ठरलेल्या स्थितीत धरून ठेवणारी कडक पट्टी: मनगट २०-३० अंश मागे, बोटांची मुळं ७० ते ९० अंश वाकलेली, पुढचे सांधे सरळ. ही मापाने बनवून घ्यावी लागते, बाजारातली तयार पट्टी चालत नाही. तिसरी दाबाचा हातमोजा: दिवसाला २३ तास, वण फिका आणि मऊ होईपर्यंत, म्हणजे एक वर्ष किंवा जास्तही. दोन जोड घ्यावेत, एक धुण्यात एक हातात. दोन-तीन महिन्यांत लवचीकपणा जातो आणि दाब उरत नाही, तेव्हा नवीन घ्यावा. लोक मोजा वापरतात, पण तो ढिला झालेलाच वापरत राहतात, हे वारंवार घडतं.

एमवाय रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात या आठवड्यातच दाखवा, आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी मागून घ्या. ऑपरेशन करून आखडलेला भाग मोकळा करता येतो, पण शक्यतो वण मुरल्यावर. तोपर्यंत सांधे स्वतःच जखडले तर नुसती कातडी सोडवून उपयोग होत नाही, म्हणून आज व्यायाम हवा. खाजेसाठी साधं मॉइश्चरायझर दिवसातून चार-पाच वेळा लावावं. रात्रीसाठी गोळी डॉक्टर देतील.

गाडीवर पुन्हा कधी असं झालं तर अंगठी-कडं लगेच काढून, वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं हात धरायचा. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा फायदा होतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको. गाडीजवळ पाण्याची भरलेली टाकी आणि तोटी असणं हाच खरा बंदोबस्त.

प्रश्न: सिझेरियनला आठ महिने झाले. वणाच्या वरची पट्टी बधिर आहे. काही गंभीर? (लोकमान्य नगर)

उत्तर: नाही. छेदाबरोबर कातडीचे बारीक मज्जातंतू कापले जातात. संवेदना वर्ष-दीड वर्षात बरीचशी परत येते, क्वचित थोडा बधिरपणा उरतो. परकराची नाडी वणावर न बांधता वर बांधा.

प्रश्न: मुलीने सोळाव्या वर्षी कानाच्या वरच्या भागात दुसरं भोक पाडून घेतलं. सहा महिन्यांनी तिथं बोराएवढी गाठ आली, वाढतेच आहे. सासूबाई म्हणतात कापून टाका. (राजमोहल्ला)

उत्तर: कापण्याची घाई करू नका. हे केलॉइड असण्याची शक्यता जास्त. जाड वण आणि केलॉइड यांत फरक आहे. जाड वण एक-दोन महिन्यांत येतो, जखमेच्या हद्दीतच राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत बसत जातो. केलॉइड कधी कित्येक महिन्यांनी उगवतं, जखमेची हद्द ओलांडून निरोगी कातडीत शिरतं आणि आपोआप बसत नाही. कान, छातीचं हाड, खांदा आणि जबड्याची कड या त्याच्या ठरलेल्या जागा. घराण्यात प्रवृत्ती असते. गोऱ्या कातडीपेक्षा सावळ्या कातडीत प्रमाण जास्त.

नुसतं कापलं तर निम्म्याहून अधिक वेळा ते परत येतं, अनेकदा आधीपेक्षा मोठं. कापणं हीदेखील नवी जखमच असते. म्हणून आधी ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन थेट गाठीत देतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, अनेक वेळा. हे औषध गाठीतच गेलं पाहिजे. खालच्या चरबीत गेलं तर तिथं खळगा पडतो, आजूबाजूला पांढरट डाग येऊ शकतो. इंजेक्शन दुखतं, हे मुलीला आधी सांगा. कापायचंच ठरलं तर नंतरची इंजेक्शनं आणि दाब देणारी चिमट्याची कर्णफुलं यांसकट, काही महिन्यांची तयारी ठेवूनच. घरात प्रवृत्ती असेल तर तिने पुढे कुठेही टोचून घेऊ नये. वयाच्या ११ वर्षांनंतर टोचलेल्या कानांत केलॉइड जास्त दिसतं. लहानपणीच कान टोचण्याची आपली पद्धत इथं बरी पडते.

प्रश्न: व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून लावू का? कांद्याचा अर्क असलेलं जेल? कोरफड?

उत्तर: व्हिटॅमिन ई चा फायदा सिद्ध झालेला नाही, उलट बऱ्याच जणांना त्याने खाज आणि पुरळ येतं. कांद्याच्या अर्काचा परिणाम अगदी किरकोळ. कोरफड किंवा खोबरेल तेल मालिशसाठी चालेल, फायदा मात्र चोळण्याचा. त्याच पैशात सिलिकोन जेल घ्या. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली क्रीम विचारल्याशिवाय आणून वणावर लावू नका, कातडी पातळ होते.

प्रश्न: यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. शेजारणी सांगतात आंबट आणि डाळी बंद, नाहीतर जखम पिकते. खरं का? (सुदामा नगर)

उत्तर: खरं नाही, आणि हे पथ्य जखमेचं नुकसान करतं. कोलॅजेनच्या धाग्यांना घट्टपणा येण्यासाठी क जीवनसत्त्व लागतंच. जुन्या वणालाही ते लागतं, कारण तिथं तोडणं आणि घालणं आयुष्यभर मंद गतीने चालू असतं. ब्रिटिश आरमाराचे कमोडोर ॲन्सन यांच्या १७४०-४४ च्या जगप्रदक्षिणेत खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार, झाला, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वी, आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत जखमी झालेल्या एका माणसाच्या भरून गेलेल्या जखमा पुन्हा उघडल्या. घालणं थांबलं, तोडणं चालूच राहिलं.

तेव्हा पोह्यांवर लिंबू भरपूर पिळा. एका मध्यम पेरूत किंवा आवळ्यात दिवसाची क जीवनसत्त्वाची गरज भागते. प्रथिनं वजनाच्या किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम: डाळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. जखम पिकते ती जंतूंमुळे, आणि साखर वाढलेली असेल तर पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत. मधुमेह असेल तर डाळीऐवजी साखरेवर लक्ष ठेवा. विडी-सिगारेट ऑपरेशननंतर किमान चार आठवडे पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि कडांना प्राणवायू कमी पडतो.

प्रश्न: काकांच्या पोटरीवर लहानपणी भाजल्याचा मोठा वण आहे, चाळीस वर्षांपूर्वीचा. चार महिन्यांपासून त्यात एक जखम झाली आहे. मलम लावतो, भरत नाही. कडा उंचावल्या आहेत, वास येतो. (परदेशीपुरा)

उत्तर: आता मलम लावत बसू नका. जुना भाजलेला वण ताणला जातो, फुटतो, पुन्हा भरतो, आणि अशा जागी अनेक वर्षांनी, बहुधा तीस वर्षांच्या आसपास, कातडीचा कर्करोग होऊ शकतो. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये अशा जखमांचं वर्णन केलं. आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. प्रत्येक न भरणारी जखम कर्करोगाची नसते. पण जुन्या वणात सहा-आठ आठवडे न भरणारी, उंच कडांची, वास येणारी किंवा सहज रक्त येणारी जखम तपासल्याशिवाय सोडायची नाही.

तपासणी म्हणजे बायोप्सी, जागा बधिर करून काढलेला लहानसा तुकडा. तो जखमेच्या मधून न घेता कडेवरून आणि एकापेक्षा जास्त ठिकाणांहून घ्यायला हवा, कारण मध्यभागी बरेचदा मेलेला भागच हाती येतो आणि अहवाल खोटा दिलासा देतो. अहवाल स्वच्छ आला आणि जखम तरीही भरली नाही, तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून घ्या. जांघेत गाठ लागते का, हेही डॉक्टरांना दाखवा. काका तयार नसतील तर त्यांना एवढं सांगा की लवकर सापडलं तर बहुतेक वेळा तेवढा भाग काढून वर कातडी बसवून काम भागतं. उशीर झाल्यावर पाय वाचवणंच अवघड जातं.